पत्र्यावरचे दगड आधी खाली घ्या



ही विनंती वाचून घडी घालून ठेवू नका. वाचून झाली की अंगणात या आणि आपल्या घराच्या छपराकडं नीट बघा. घर पत्र्याचं असेल तर त्यावर काय काय ठेवलंय ते पाहा. दगड, मातीनं भरलेली पोती, ट्रॅक्टरचं जुनं टायर, फुटक्या जात्याची तळी, मोडक्या नांगराचा लोखंडी सांगाडा. अकोल्यापासून जामखेडपर्यंत, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत वाड्या-वस्त्यांवर हेच दिसतं. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला हा भार वारा सुटला की पत्र्यासकट हलतो आणि घरात पडतो. खाली लेकरू झोपलेलं असतं, आजी असते, बाळंतीण असते. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले, वरचा दगड डोक्यात पडला आणि घरातलं माणूस गेलं, अशी बातमी महाराष्ट्रात उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येते. छापून येते ती दोन ओळींची. त्या घराला ती जन्मभर पुरते.

म्हणून पहिलं काम हे: दगड खाली घ्या. आज घ्या. आणि दगड काढल्यावर उघडं पडलेलं छप्पर रोहिणी निघायच्या आत भिंतीला बांधून घ्या.

दिवस थोडे आहेत. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागतील, 7-8 जूनला मृग. शेतकऱ्याच्या घरी या दिवसांत बियाणं, खत, नांगरट, सोसायटीचं कर्ज यांचीच धांदल असते. छप्पर आठवतं ते गळायला लागल्यावर. यंदा क्रम बदला. रान चार दिवस थांबेल, वारा थांबणार नाही.

"वादळं कोकणात येतात, आपल्याकडं कुठली?" असं म्हणणारा माणूस प्रत्येक पारावर भेटतो. त्याला 3 जून 2020 ची आठवण करून द्या. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. तिथं वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. सह्याद्री चढताना त्याचा जोर ओसरला, पण ते विरून गेलं नाही. पुणे जिल्ह्यावरून ईशान्येकडं सरकत ते उत्तर मध्य महाराष्ट्रात आलं, म्हणजे थेट आपल्या आणि नाशिककरांच्या अंगावर. अकोले, संगमनेर, पारनेर या पट्ट्यातल्या लोकांना ती संध्याकाळ सांगावी लागत नाही. पुणे जिल्ह्यात त्या दिवशी खेड तालुक्यात घराची पडझड होऊन एक वयस्कर बाई गेली, आणि हवेली तालुक्यात उडू पाहणारा पत्रा धरायला गेलेला एक माणूस गेला. दोन्ही ठिकाणं घाटाच्या अलीकडची आहेत, समुद्राकाठची नव्हेत.

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. निसर्ग पहिल्या हंगामातलं, 2021 च्या मे महिन्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं गुजरातेत गेलेलं तौक्ते पहिल्याच हंगामातलं. 11 नोव्हेंबर 2009 ला आलेलं फयान दुसऱ्या हंगामातलं. म्हणून मे महिन्यात केलेली बांधाबांध दसरा-दिवाळीला पुन्हा एकदा तपासून घ्यावी लागते.

पण मनापासून सांगतो, नाव असलेल्या वादळापेक्षा मला बिननावाच्या वळवाची धास्ती जास्त वाटते. चक्रीवादळाची खबर दोन-चार दिवस आधी लागते, टीव्हीवर नकाशा दिसतो, तहसील जागं होतं. वळवाचं तसं नाही. दुपारी तीनपर्यंत रखरखीत ऊन असतं, मग क्षितिजावर काळं आभाळ चढतं, एकदम गार झुळूक येते, पाठोपाठ धुळीचा लोट, आणि वाळत घातलेले कपडे गोळा होईपर्यंत शेजारच्या गोठ्याचे पत्रे वर गेलेले असतात. आपल्या जिल्ह्यात छपरं उडतात ती बहुतेक अशीच.

आता जरा हिशेब मांडू, कारण दगड का पुरत नाही हे पटल्याशिवाय कुणी तो उतरवणार नाही.

इमारतीवर वाऱ्याचा किती जोर धरायचा, हे भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात सांगितलं आहे. त्यात पुणे, नाशिक, सोलापूर आणि आताचं छत्रपती संभाजीनगर या चारही शहरांना वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. असा झोत रोज येत नाही. पन्नासेक वर्षांत एकदा येऊ शकेल, असं धरून तो आकडा काढलेला असतो. आपला जिल्हा या चार शहरांच्या बरोबर मध्ये आहे. साखर कारखान्याचं गोदाम बांधताना अभियंता हा आकडा समोर ठेवतो. आपलं घर मात्र "एवढं बास झालं" या अंदाजावर उभं राहतं.

वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, त्याला वर ओढतो. कमी उताराच्या छपरावरून वारा वेगानं गेला की वरच्या बाजूचा हवेचा दाब उतरतो आणि पत्रा आभाळाकडं खेचला जातो. नेहमीचा दहा फुटी पत्रा घ्या. त्याचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर वर ओढणारा जोर साध्या हिशेबानं पन्नास किलोच्या पुढं जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळं 100 च्या वाऱ्यात तोच जोर दीडशे किलोच्या आसपास पोचतो. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना तर याहून जास्त. त्यात वाऱ्याच्या तोंडाचं दार उघडं राहिलं तर आत घुसलेली हवा खालूनही रेटा देते. एका पत्र्यावर तुम्ही दोन दगड ठेवता, वीस किलोचे. आता सांगा, तो दगड कुणाला धरून ठेवणार?

छप्पर धरून ठेवतात ते हूक, पाईप आणि भिंत. या तिघांपैकी एकही सुटला तर बाकीचे दोन कामाचे राहत नाहीत.

सुरुवात हुकापासून करा. भर दुपारी दार-खिडक्या लावून घरात उभे राहा आणि वर बघा. जिथून उन्हाचा बारीक ठिपका जमिनीवर पडतो, तिथं एक तर हूक निघून गेलाय, नाहीतर गंजानं भोक मोठं झालंय. त्या जागेवर खडूनं खूण करा. मग शिडी लावून बाहेरून जा, पत्र्यावर चढू नका, आणि प्रत्येक हूक बोटांनी हलवून बघा. हलला की बदलायचा. हूक पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. खोलगट भागात भोक पाडलं तर पावसाचं पाणी त्याच वाटेनं घरात येतं. पत्र्याला लागून डांबरी वायसर, त्यावर लोखंडी वायसर, मग नट. घाईत नुसता नट पिळला तर वाऱ्याच्या पहिल्या हिसक्याला पत्रा फाटून हुकातून निघून जातो, हूक जागेवर आणि पत्रा शेजाऱ्याच्या रानात. वळचणीला, पाख्याला आणि चारही कोपऱ्यांत हूक दुपटीनं घाला. छप्पर सुटायला तिथूनच सुरुवात होते. लाकडी वाशावर खिळ्यांनी ठोकलेले पत्रे असतील तर खिळ्यांच्या जोडीला पीळ असलेले स्क्रू मारून घ्या, साधा खिळा सरळ उपटून येतो.

मग पाईप. इथं आपल्याकडं सगळ्यात मोठी चूक होते. चौकोनी पाईप किंवा अँगल भिंतीवर नुसता टेकवतात, दोन्ही बाजूंना दोन विटा लावतात, वर सिमेंटचा गोळा मारला की काम झालं. बाहेरून घर पक्कं दिसतं. वाऱ्यात मात्र पत्रे आणि पाईप सगळे मिळून एकत्र उठतात, आणि जाताना पाख्याची वरची वीट आत पाडून जातात. उपाय अवघड नाही. 8 किंवा 10 मिलिमीटरची सळई भिंतीत निदान तीन फूट खाली उतरवून काँक्रीटमध्ये गाडायची आणि तिचं वरचं टोक पाईपला वेल्डिंग करायचं. घर नवं बांधत असाल तर गवंड्याला हे भिंत वर येतानाच सांगा, नंतर तो टाळाटाळ करील. जुन्या घरात भिंत फोडायची नसेल तर पाईपच्या टोकापासून लोखंडी पट्टी किंवा जाड तार भिंतीच्या बाहेरून खाली आणा आणि जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेल्या अँगलला ताणून बांधा. चार कोपरे आणि मधे दोन-तीन जागा एवढं केलं तरी फरक पडतो.

आत्ता हातात तेवढे पैसे नाहीत, असं म्हणणारी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचं काही कारण नाही. घरकुलाच्या अनुदानात भिंती उभ्या करून स्लॅबपर्यंत पोचणं किती जणांना जमतं? अशा घरांनी निदान या हंगामापुरतं एवढं करावं. वळचणीपासून हातभर आत पत्र्यांवर एक आडवा पाईप किंवा जाड बांबू टाकावा आणि तो तारेनं खालच्या पाईपाशी जागोजाग आवळावा. पाईपचं भिंतीवरचं टोक खाली जमिनीतल्या खुंट्याला बांधावं. ठिबकच्या जुन्या नळ्यांनी बांधाबांध करू नका. त्या ताणतात, ताणल्यावर पत्रा फडफडतो, आणि फडफडणारा पत्रा टिकत नाही. नायलॉनचा दोर चालेल, पण पुढच्या उन्हाळ्यात तो बदला, उन्हानं तो कुजतो.

ओसरीचा पत्रा घराच्या पत्र्याला जोडून पुढं वाढवलेला असेल तर तो तोडून वेगळा करा. मोकळ्या ओसरीखाली वारा शिरतो, ती आधी उठते आणि घराचं छप्पर सोबत ओढून नेते. वेगळी असली तर गेली तरी घर वाचतं. गोठ्यालाही हेच लागू आहे. संगमनेर, राहाता, राहुरीकडं एकेका गोठ्यात लाखांच्या गायी उभ्या असतात आणि वरचे पत्रे पाहावेत तर बाइंडिंगच्या तारेनं बांधलेले.

गच्चीवरची रिकामी प्लास्टिकची टाकी वादळाच्या सांगाव्यानंतर भरून ठेवा, म्हणजे ती उडत नाही आणि वीज गेली तर पाणीही हाताशी राहतं. सौर पॅनेल, डिशची छत्री, अंगणातली पत्र्याची न्हाणी, हे सगळं एकदा हलवून बघा. घरावर झुकलेल्या बाभळीच्या, शेवग्याच्या, गुलमोहराच्या फांद्या आत्ताच छाटा. वीजवाहिनीला टेकलेली फांदी मात्र स्वतः तोडू नका, 1912 वर महावितरणला कळवा.

पूर्वेकडच्या भावंडांशी आता वेगळं बोलायचं आहे. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडच्या जुन्या गावठाणांत अजून माळवदाची घरं आहेत. उन्हाळ्यात तिथं गारवा मिळतो, दगडी भिंती पिढ्यान् पिढ्या टिकल्यात, त्यामुळं त्यांच्यावर फार विश्वास बसलेला असतो. या घरांना वाऱ्याची भीती नाही, मुरलेल्या पाण्याची आहे. दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला वर नवी पांढरी माती टाकायची रीत आहे. जुनी काढत कुणी नाही, त्यामुळं थर वाढत जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर जाडीची माती असेल आणि ती भिजली, तर तिचं वजन पाच टनांच्या पुढं जातं. ते तोलायचं कुणी? आजोबांच्या काळात घातलेल्या सरा-तुळयांनी, ज्यांची भिंतीतली टोकं वाळवीनं आतून पोखरलेली असू शकतात.

म्हणून नवी माती टाकण्याआधी जुना थर खरवडून काढा. वर उगवलेलं गवत, रुईची रोपं मुळासकट उपटा. पन्हाळी मोकळ्या करा, त्यांच्यातून बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का ते पाहा. मग खोलीत येऊन तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोकदार सळईनं टोचा. सळई लोण्यात गेल्यासारखी आत गेली, तर त्या तुळईखाली आजच टेकू द्या आणि त्या खोलीत झोपणं थांबवा. पावसात छतातून कोरडी माती झडायला लागली, भिंतीला फुगवटा आला, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, तर सामानाकडं न बघता बाहेर पडा. माळवद बहुतेक वेळा संततधारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बसतं, सगळे गाढ झोपेत असताना.

2025 च्या सप्टेंबरात याच तालुक्यांत ओढ्यांचं आणि नद्यांचं पाणी गावांत, घरांत शिरलं. ज्या पट्ट्यात आपण टँकरची वाट बघतो, तिथं लोक पाण्यातून जीव वाचवत होते. ओढ्याकाठी, सीनेच्या, नांदणीच्या काठी ज्यांची घरं आहेत त्यांनी त्या वेळी पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ती खूण शोधून ठेवावी. धान्याची कणगी, कागदपत्रं, बियाण्याच्या थैल्या आणि मीटर त्या खुणेच्या वर गेले पाहिजेत.

पश्चिमेला अकोल्याच्या डांगाणात घाटघर-रतनवाडीचा पाऊस साऱ्या जिल्ह्यात निराळाच. पावसाशी कसं वागायचं हे तिथल्या लोकांना कुणाकडून शिकायची गरज नाही. कारवीच्या कुडाला मेआधी लिंपण, कौलं चाळणं, पावसाच्या बाजूला झडी बांधणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यांना एवढंच सांगायचं की अलीकडं कौलं काढून पत्रे टाकलेत, तिथं कौलांच्या वजनाचा आधार गेला. जुन्या वाशांवर बसवलेला हलका पत्रा बांधल्याशिवाय टिकत नाही.

एकट्यानं होणाऱ्या गोष्टी इथपर्यंत. बाकीचं गावाला मिळून करावं लागेल.

28 ऑगस्ट 2017 चा दिवस नगर तालुक्यानं विसरू नये. निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची जुनी वर्गखोली पावसात कोसळली आणि तीन मुलं गेली. ती इमारत रोज सगळ्यांच्या नजरेसमोर होती. आपल्या गावातली शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर ही वादळात गोरगरिबांनी आसरा घ्यायची ठिकाणं आहेत. तीच कच्ची असतील तर लोकांनी जायचं कुठं? 1 मेला ग्रामसभा होते. त्या सभेत उठून विचारा: शाळेचं छप्पर शेवटचं कधी तपासलं, कुणी तपासलं, अहवाल कुठंय? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. ग्रामसभा होऊन गेली असेल तर सरपंचांच्या हाती लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्याच वेळी गावात पत्र्याची, माळवदाची, कुडाची घरं किती आणि कुठं याची वही करा. त्यातली कुठली घरं एकट्या म्हातारीची, अपंग माणसाची, नुकत्याच विधवा झालेल्या बाईची, ते गावाला ठाऊक असतंच. आपला जिल्हा श्रमदानाचा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावं देशानं घेतली ती हातात टिकाव घेणाऱ्या माणसांमुळं. भर उन्हात डोंगरावर सलग समतल चर खोदणाऱ्या गावांना दहा-वीस घरांची छपरं बांधणं जड नाही. एक वेल्डिंगवाला, एक गवंडी, चार पोरं, दोन रविवार. हूक-वायसरचे पैसे तालीम मंडळ, गणेश मंडळ, सोसायटी, दूध डेअरी कुणीही देऊ शकतं.

ऊसतोडीला गेलेल्या घरांची मला विशेष काळजी वाटते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ही कुटुंबं दसरा-दिवाळीला घराला कुलूप लावून जातात, पाच-सहा महिने कोपीत काढतात आणि पट्टा पडला की परततात. परततात तेव्हा वळवाचे दिवस सुरू झालेले असतात. बंद घराचा पत्रा मधल्या काळात सैल झालाय का, वाळवी लागलीय का, हे बघायला कुणी नसतं. शेजाऱ्यांनो, तुमच्या घराचं छप्पर तपासाल तेव्हा त्यांच्या छपरावरूनही एकदा नजर फिरवा आणि फोन करून सांगा. मुकादमांनाही विनंती आहे, शेवटच्या हिशेबात या कामासाठी थोडी उचल द्यायला हात आखडू नका.

आपली वस्ती गावापासून दीड-दोन किलोमीटर रानात असेल तर देवळाच्या भोंग्यावरची सूचना तिथं पोचत नाही. फोनवरून सूचना देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा ज्या गावांत सुरू आहे तिथं वस्तीवरच्या प्रत्येक घरातला निदान एक नंबर तिच्यात नोंदलेला हवा. आणि आजच ठरवा, वादळ आलं तर वस्तीवरच्या कुठल्या स्लॅबच्या घरात सगळ्यांनी जायचं. त्या घरमालकाशी आधी बोलून ठेवा. भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी बोला. रात्री दोन वाजता पावसात दार ठोठावताना जुना बांधाचा वाद आठवून पाय अडखळायला नको.

प्रत्यक्ष वारा सुटल्यावर करायचं थोडंच असतं. दारं-खिडक्या लावून घ्या, वाऱ्याच्या तोंडाच्या आधी. मेन स्विच बंद करा. पत्र्याखालून बाहेर पडून ठरवलेल्या घरी जायला वेळ असेल तर जा. नसेल तर पाख्याच्या भिंतीपासून दूर, लोखंडी पलंगाच्या किंवा जड चौकटीच्या आडोशाला लेकरांना घेऊन बसा, डोक्यावर गोधड्या घ्या. उडणारा पत्रा धरायला कुणीही, कितीही ताकदीचा गडी असला तरी, जायचं नाही. हवेलीच्या त्या माणसाची आठवण वर यासाठीच काढली.

विजांचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं माणसं दगावतात ती घरापेक्षा रानात जास्त. ढगाचा गडगडाट ऐकू आला की झाडाखालून बाहेर पडा, तारेच्या कुंपणापासून लांब व्हा, विहिरीवरची मोटार चालू-बंद करायला जाऊ नका. मेंढ्या-गुरं एकाच झाडाखाली गोळा करून बांधू नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा रानात उतरू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं दामिनी नावाचं ॲप केलंय, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत हे ॲप हवामानाचे इशारे पाठवतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगून दोन्ही आज टाकून घ्या, आईच्या फोनमध्ये आधी, कारण दुपारी घरी तीच असते. हवामान खात्याचा पिवळा इशारा आला तर सावध राहा, नारिंगी आला तर तयारीत राहा, लाल आला तर पत्र्याच्या घरात रात्र काढू नका.

कागदांचं काम कुणाला आवडत नाही, तरीही करा. घराचा नमुना 8 चा उतारा, सातबारा, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक एका जाड प्लास्टिक पिशवीत घालून ती हाताला येईल अशी टांगा. घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो आजच काढून मुला-मुलीच्या फोनवर पाठवून ठेवा. नुकसान झालंच तर ढिगारा हलवण्याआधी पुन्हा फोटो काढा आणि तलाठ्यांना पंचनाम्यासाठी लगेच कळवा. मदत किती मिळते तेही माहीत असू द्या. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत, पक्क्या घराची निदान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 रुपये, कच्च्याची झाली तर 4,000, आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये ठरलेले होते. पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार. दहा-बारा पत्रे, पाईप आणि मजुरी धरून बाजारात विचारून बघा, साडेसहा हजारांत किती छप्पर उभं राहतं ते. हूक-वायसरला आत्ता लागणारा पैसा त्यापुढं किरकोळ आहे. माणूस गेलं तर चार लाख ठरलेले होते. त्या रकमेविषयी मी काही लिहीत नाही.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. हे तीन आकडे दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा, लेकरांना पाठ करायला लावा.

येत्या आठवडे बाजाराला जाल तेव्हा भाजीच्या आधी हार्डवेअरच्या दुकानात जा. पत्र्यामागं किती हूक लागतील ते मोजून न्या, कडेच्या पत्र्यांना दुप्पट धरा, डांबरी वायसर चार जास्त घ्या. ज्यांच्या घरी उंच शिडी आहे, 12-13 चा पाना आहे, ड्रिल मशीन आहे, त्यांनी आपलं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं, म्हणजे ज्याच्याकडं नाही त्याला कुणाकडं मागायचं ते कळेल.